फोनवरची चावडी : मावळच्या पावसाळ्यासाठी एक साधे साधन

(मावळ तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर पावसाळ्याच्या पूर्वतयारीनिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. आपल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाईल फोनवरून एकाच वेळी चार-पाच जणांशी कसे बोलावे आणि ते बोलणे कामी कसे लावावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. रस्ता, धरण, दवाखाना अशा मोठ्या विषयांच्या पंक्तीत हा विषय बसत नाही, हे खरे. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत मावळात जे प्रसंग ओढवतात, त्या वेळी रस्ता वेळेवर बंद होणे, धरणाच्या विसर्गाची वर्दी पोहोचणे आणि जखमीला दवाखाना मिळणे, या साऱ्या गोष्टी अखेर योग्य माणसे योग्य क्षणी एकमेकांशी बोलली की नाही यावर अवलंबून असतात. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

पाहणारा, ठरवणारा आणि सोसणारा

आपला तालुका नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ अशा खोऱ्यांनी बनलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा आणि तेथून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्या. लोणावळ्याच्या बाजूस वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळेगावकडे येता येता तो झपाट्याने कमी होतो. याचा परिणाम असा की, वर डोंगरावर धार लागलेली असताना खाली मैदानात अनेकदा ऊन पडलेले असते. खालच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला वरच्या पाण्याची कल्पना नसते. डोंगराला तडा गेलेला पाहणारा गुराखी एकीकडे, निर्णय घेण्याचा अधिकार असलेला अधिकारी वडगावला, आणि ज्याच्यावर संकट यावयाचे तो गावकरी वा पर्यटक तिसरीकडे. पाहणारा, ठरवणारा आणि सोसणारा असे हे तिघे वेगळे असतात. या तिघांचे ज्ञान एकत्र येण्यास जितका वेळ लागतो, तितका धोका वाढतो.

अलीकडच्या घटना आपल्या स्मरणात आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या पाणलोटातील धबधब्यावर एका कुटुंबातील ५ जण अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेले. त्यांच्या शोधासाठी पोलीस, शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या संस्थेचे स्वयंसेवक आणि आयएनएस शिवाजी या नौदल तळावरील पाणबुडे असे वेगवेगळ्या यंत्रणांचे लोक एका ठिकाणी काम करीत होते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. ४ जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासाच्या आसपास लोक जखमी झाले. आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा ती बातमी बाहेर नेणाऱ्यांत त्या वाटेने जाणारा एस.टी.चा चालक होता. त्याला नेहमीच्या जागी गावच दिसले नाही. १५१ माणसे त्या दरडीने नेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाच्या पलीकडे, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले.

एका फोनने यांतील एखादी दुर्घटना टळली असती, असे म्हणण्याचे धाडस कोणीही करू नये. तसे म्हणणे मृतांच्या आप्तांवर अन्याय करणारे होईल. या घटनांतून निघणारा मर्यादित पण निश्चित धडा असा आहे : संकटाच्या वेळी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशा कानगोष्टी उपयोगी पडत नाहीत. निरोप वाटेत बदलतो, उशिरा पोहोचतो, आणि मग कोणी कोणास काय सांगितले याचाच वाद उरतो. सर्वांनी एकच गोष्ट, एकाच वेळी, एकाच तोंडून ऐकली पाहिजे.

कल्पना जुनी, साधन नवे

ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. बोरघाटातून १८६३ पासून आगगाडी धावते आहे. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात बसलेला नियंत्रक आणि त्याच्या हद्दीतील अनेक स्थानके एकाच तारेवर जोडलेली असण्याची पद्धत रेल्वेत दीर्घकाळ रुळलेली आहे. नियंत्रक बोलतो, स्थानकमास्तर ऐकतो, ऐकलेले परत म्हणून दाखवतो, वहीत लिहितो आणि मगच पुढचे बोलणे होते. अशा शिस्तीमुळे घाटातली वाहतूक सुरक्षित राहते. आपल्या मोबाईलवरचा सामूहिक फोन, ज्याला सर्वजण ‘कॉन्फरन्स कॉल’ म्हणतात, तो या पद्धतीचाच लहान भाऊ होय. यंत्र आपल्याजवळ आहे. शिस्त मात्र आपण अद्याप पुरती उचललेली नाही.

फोन जोडण्याची रीत

प्रथम रीत सांगतो. पहिल्या व्यक्तीस नेहमीप्रमाणे फोन लावावा. तिने उचलल्यावर ‘आणखी दोघातिघांना जोडतो, फोन ठेवू नका’ असे सांगावे. मग पडद्यावरील ‘अ‍ॅड कॉल’ या चिन्हावर बोट ठेवून दुसऱ्यास फोन लावावा. तेवढ्या वेळात पहिली व्यक्ती आपोआप थांबून राहते. दुसऱ्याने फोन उचलला की ‘मर्ज’ हे चिन्ह दाबावे. तिघेही एकमेकांस ऐकू लागतात. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यासाठी हीच क्रिया पुन्हा करावी. साध्या बटणांच्या फोनवरही ही सोय बहुधा असते. चालू कॉलमध्ये ‘ऑप्शन्स’ दाबले असता ‘न्यू कॉल’ व नंतर ‘कॉन्फरन्स’ असे पर्याय येतात.

या रीतीत काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, जीएसएम या मोबाईल पद्धतीच्या मानकातच एका वेळी पाच दूरच्या व्यक्ती जोडण्याची तरतूद आहे. म्हणजे फोन लावणारा धरून सहा. काही कंपन्यांच्या सेवेत ही मर्यादा वेगळी असू शकते. आपल्या फोनवर किती जण जोडले जातात हे आधी करून पाहावे.

दोन, या फोनला इंटरनेटचा डेटा लागत नाही. ज्या वाडीत चित्रफिती उघडत नाहीत पण बोलणे होते, तेथेही तो चालतो. चित्रासह होणाऱ्या बैठकांपेक्षा डोंगराळ भागात याचे महत्त्व अधिक आहे ते यामुळेच.

तीन, जोडलेला प्रत्येक फोन हा लावणाऱ्याच्या नावावरचा स्वतंत्र फोन असतो. ज्यांची योजना मिनिटाच्या हिशेबाने चालते त्यांनी हा खर्च लक्षात घ्यावा.

चार, मधल्या एखाद्याने फोन ठेवला तर बाकीचे बोलत राहतात. परंतु ज्याने सर्वांना जोडले त्याचा फोन बंद पडला की बहुतेक वेळा सगळे बोलणेच तुटते. म्हणून जोडणाऱ्याचा फोन पूर्ण चार्ज केलेला असावा, तो चांगली रेंज असलेल्या जागी बसलेला असावा, आणि बोलणे तुटल्यास दुसरा कोण जोडणार हे आधी ठरलेले असावे.

पाच, फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॉल वेटिंग’ बंद असेल तर दुसरा फोन जोडण्यास अडचण येऊ शकते. ते चालू करून ठेवावे. मात्र बोलणे चालू असताना मध्येच दुसऱ्या कोणाचा फोन घेऊ नये. जो घेतो, त्याच्या कंपनीची ध्वनिफीत वा सूर बाकी सर्वांच्या कानात वाजत राहतो आणि कामाचे बोलणे बुडते. अशा वेळी जोडणाऱ्याने पडद्यावरील नावांची यादी उघडून तेवढा एक फोन सोडवावा व नंतर पुन्हा जोडावा.

कोणास जोडावे

सहा जणांची मर्यादा ही अडचण वाटते. खरे पाहता ती सोयच आहे. पन्नास जण एकाच वेळी बोलू लागले तर ती जत्रा होते. सहा जणांत काम होते.

एका गावासाठी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी म्हणजे सवयीने ज्यांना आपण तलाठी म्हणतो ते, पोलीस पाटील, आशाताई आणि शाळेचे मुख्याध्यापक असे सहा जण पुरेसे आहेत. शाळेचा समावेश मी हेतुपूर्वक करतो. स्थलांतराची वेळ आली तर गावात सर्वांत प्रथम उघडावी लागणारी इमारत बहुधा शाळेचीच असते, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे रात्री दोन वाजता शोधत बसणे परवडत नाही.

एकाहून अधिक गावे जोडावयाची असतील तर साखळी करावी. तहसील पातळीवरून एकाने पाच जणांशी बोलावे. ते बोलणे संपताच त्या पाचांपैकी प्रत्येकाने आपापले पाच जण जोडावेत. दोन फेऱ्यांत ३० माणसांपर्यंत एकच निरोप पोहोचतो. साखळी नदीच्या प्रवाहाप्रमाणे बांधावी, कार्यालयाच्या यादीप्रमाणे नव्हे. नाणे मावळातील वरच्या गावांना आणि कामशेतजवळच्या खालच्या गावांना कुंडलीचे आणि इंद्रायणीचे पाणी जोडते. मग त्यांचा फोनही जोडलेला असला पाहिजे. पाणी ग्रामपंचायतीची हद्द ओळखत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्या राज्यात पंचायतीतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंच म्हणून भगिनी निवडून आलेली असेल तर यादीत तिचाच क्रमांक असावा आणि फोनही तिच्याच हाती असावा. घरातील अन्य कोणी ‘मी सांगतो तिला’ असे म्हणू लागला की साखळीत एक कडी वाढते, आणि जिच्यावर कायद्याने जबाबदारी टाकली आहे तीच निर्णयाच्या वेळी बाहेर राहते.

बोलण्याची शिस्त

फोन जोडणे दोन मिनिटांत शिकता येते. बोलणे चालवणे हे खरे कसब आहे. त्यासाठी प्रत्येक फोनला एक सूत्रधार असावा आणि एक लेखनिक असावा. ही दोन कामे एकाच माणसाने करू नयेत.

सूत्रधाराने प्रथम हजेरी घ्यावी. चेहरे दिसत नसल्यामुळे प्रत्येकाने बोलताना आधी आपले नाव वा हुद्दा सांगावा. मग सूत्रधाराने विषय एका वाक्यात मांडावा आणि एकेकास नाव घेऊन विचारावे. ‘कोणास काही म्हणावयाचे आहे काय?’ असा मोघम प्रश्न केला की एक तर सगळे गप्प राहतात किंवा सगळे एकदम बोलतात. आपली पाळी नसेल तेव्हा प्रत्येकाने फोनवरील आवाज बंद करण्याचे ‘म्यूट’ हे बटण दाबून ठेवावे. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज एका घरातून आला तरी सहाही कान निकामी होतात. स्पीकर चालू ठेवल्यास आवाज घुमतो, म्हणून शक्यतो फोन कानाशी धरावा.

नमुन्यादाखल एक कल्पित संवाद सांगतो.

सूत्रधार म्हणतो, ‘पाटील, ओढ्याचे पाणी कोठवर आले आहे?’ पोलीस पाटील सांगतात, ‘भाऊसाहेब, मी पाटील बोलतो. साकवाच्या फळीला पाणी लागले आहे. तासाभरात हातभर चढले.’ ‘सरपंचताई, वस्तीवर किती घरे?’ ‘मी सरपंच बोलते. अकरा घरे. दोन घरांत म्हातारी माणसे आहेत, त्यांना उचलून आणावे लागेल.’ ‘गुरुजी, शाळा?’ ‘मी मुख्याध्यापक. किल्ली माझ्याकडे आहे, पंधरा मिनिटांत उघडतो.’ ‘आशाताई?’ ‘एक बाई दिवस भरलेली आहे. तिला आत्ताच खाली न्यावे.’ ‘ठीक. निर्णय असा : साकव आत्तापासून बंद. पाटलांनी दोन माणसे दोन्ही टोकांना उभी करावीत. अकरा घरे शाळेत. आशाताईंनी १०८ ला फोन करावा. पाटील, आपले काम परत सांगा.’ पाटील परत सांगतात. मग ताई, मग गुरुजी, मग आशाताई. ‘पुन्हा साडेनऊला बोलू.’

हा संवाद पाच मिनिटांचाही नाही. त्यात नमस्कार-चमत्कार नाहीत, कोणाचे कौतुक नाही, कोणावर ठपका नाही. प्रत्येकाने जे स्वतः पाहिले तेवढेच सांगितले, ऐकीव सांगितले नाही. प्रत्येक कामाला एक नाव लागले. प्रत्येकाने आपले काम परत म्हणून दाखवले. आणि पुढची वेळ ठरली. लेखनिकाने तारीख, वेळ, हजर व्यक्ती, निर्णय आणि जबाबदारी अशा पाच गोष्टी वहीत टिपल्या की काम पुरे झाले. ही वही पुढे पंचनाम्याला, मदतीच्या प्रस्तावाला आणि आपल्या स्वतःच्या संरक्षणालाही उपयोगी पडते.

काय करू नये

प्रत्यक्ष अपघात घडला असेल तर प्रथम ११२ किंवा १०८ ला आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. सामूहिक फोन त्यानंतर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच तालुक्यात, सुदुंबरे येथे आहे. परंतु तिला बोलावण्याचा मार्ग जिल्हा प्रशासनातून जातो, आणि तो मार्ग आधी मोकळा झाला पाहिजे.

साऱ्या गावास एकदम सावध करावयाचे असेल तर त्याला सामूहिक फोन पुरणार नाही. त्यासाठी पुणे, नाशिक आणि अन्य जिल्ह्यांतील अनेक गावांत चालू असलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. तीत एकाने दिलेला आवाजी निरोप परिसरातील नोंदलेल्या सर्व फोनवर पोहोचतो. दोन साधनांची कामे निराळी आहेत. एकाने गावाला हाक घालता येते. दुसऱ्याने ठरवता येते.

फोनवर ठरलेली गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव नव्हे. तातडीची व्यवस्था फोनवर करावी, पण खर्च, कंत्राट, लाभार्थींची निवड असे विषय रीतसर सभेतच आणावेत. चावडी फोनवर आली तरी ग्रामसभा चव्हाट्यावरच झाली पाहिजे.

रुग्ण, पीडित स्त्री किंवा मूल यांची खासगी माहिती सहा जणांसमोर उघड करू नये. कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे असेल तर आरंभीच तसे सांगावे.

आणि अखेरची सावधगिरी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणताही फोन कधीही ‘मर्ज’ करू नये. ‘तुमच्या मित्राकडून नंबर घेतला, तो दुसऱ्या क्रमांकावरून फोन करतो आहे, जोडा’ अशी बतावणी करून भामटे बँकेचा गुप्त संकेतांक सांगणारा फोन जोडून घेतात आणि संकेतांक ऐकून खाते रिकामे करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकाराबाबत यूपीआयतर्फे जनतेला जाहीरपणे सावध करण्यात आले होते. असे घडल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शाळेसाठीही

हे साधन केवळ संकटासाठी नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्या घरांत साधा फोन होता पण मोठा फोन नव्हता, ती मुले शिक्षणापासून तुटण्याची भीती होती. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, विजयनगर येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी कॉन्फरन्स कॉलवरून मुलांना गोष्टी सांगण्याचा उपक्रम चालवला. फिनलंडमधील ‘हंड्रेड’ या संस्थेने त्याची दखल घेतली. त्यांच्याजवळ आपल्याहून निराळे यंत्र नव्हते. ठरलेली वेळ, ठरलेला गट आणि आधी केलेली तयारी एवढेच होते. आंदर मावळात ओढा आडवा आल्यामुळे शाळा चार दिवस बंद राहिली, तर आपल्या गुरुजींना आणि बाईंना हा मार्ग मोकळा आहे.

मृगाच्या आधी

प्रत्येक साधनाला मर्यादा असते. वीज गेली आणि मनोऱ्याचे इंधन संपले की मोबाईल मुका होतो. डोंगराच्या आडोशाच्या वाड्यांत रेंज मुळातच कमी असते. म्हणून दवंडी, शाळेची घंटा, देवळातला भोंगा आणि पायी निरोप नेणारा धडधाकट तरुण ही जुनी साधने मोडीत काढू नयेत. कोणत्या वाडीला कोणते साधन, हे वहीत लिहून ठेवावे. महत्त्वाचे क्रमांक केवळ फोनमध्ये न ठेवता पंचायत कार्यालयाच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवावेत.

माझी आपणास विनंती एवढीच आहे. शेतकरी मृगाच्या आधी बी-बियाणे तपासून ठेवतो, औते दुरुस्त करतो. तसे प्रत्येक ग्रामपंचायतीने मृगापूर्वी आपली सहा जणांची यादी करावी, सूत्रधार, उपसूत्रधार आणि लेखनिक ठरवावेत, आणि कोरड्या दिवशी, निवांतपणी, एकदा हा फोन जोडून पाहावा. कोणाचा क्रमांक बदलला आहे, कोणाच्या घरी रेंज येत नाही, कोणाला ‘मर्ज’ सापडत नाही, हे सगळे त्या दिवशी कळेल आणि त्याच दिवशी दुरुस्तही करता येईल. त्यानंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाच मिनिटे हा फोन व्हावा. पाणी चढलेल्या रात्री नवे काही शिकता येत नाही. जे अंगवळणी पडले आहे तेवढेच त्या रात्री हाताला येते.